आधी मला तपासा

ढगे सर आमच्या नालवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, तेव्हा प्रयोगशाळेचे सामान माझ्या ताब्यात होते. पहिल्याच दिवशी त्यांनी भंगाराच्या कपाटाची किल्ली मागितली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. चांगल्या वस्तू सोडून हे गृहस्थ भंगार कशाला मागतात?

मुलांना विकतचे अवजार द्यायचे नाही, ही सरांची रीत. छत्रीच्या काड्या, कपड्यांचे चिमटे, जुन्या सिरिंज, खेळण्यातला बझर यांतून मुलांनी ते स्वतः घडवायचे. सिरिंजचा पंप झाला, तो वितळलेले कथील ओढून घेई. काड्या, बझर आणि सेल जोडून टेस्टर झाला, तो तार तुटली की नाही ते सांगे. सर म्हणत, "इकतचं बिघडलं त पोट्टे फेकून देते. हातानं केलेलं बिघडलं त उघडून पाह्यते."

प्रत्येक टेस्टरवर सर चिठ्ठी चिकटवत : 'आधी मला तपासा'. दोन्ही टोके एकमेकांना टेकवायची, बझर वाजला तरच पुढचे काम. मला ते सारे सोंग वाटे. इकडे कपाट रिकामे होत होते. शेवटी मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक निनावी अर्ज पडला : ढगे सर शाळेचे सामान घरी नेतात. खाली गायब वस्तूंची यादी होती.

चौकशी बसली. सरांची नोकरी जायची वेळ आली. सरांनी शांतपणे मुलांची अवजारे मागवून टेबलावर मांडली. अर्जातली एकेक वस्तू त्यांत सापडली. सर निर्दोष ठरले.

अर्ज मी लिहिला होता. रजिस्टर छातीशी धरून मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो.

त्यानंतर माझ्या पत्नीचे दम्याचे वाफेचे यंत्र बंद पडले. सर बोलावण्याची वाट न पाहता टेस्टर घेऊन आले, दुरुस्त करूनच उठले आणि टेस्टर मला देऊन गेले. मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मी मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो : यांना कळले तर नसेल? पुढे त्यांनी केलेल्या प्रत्येक उपकारावर मी असाच संशय घेतला. आज त्याची लाज वाटते.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख इथवर लिहिला आणि आधी त्यांनाच नेऊन दाखवला. वाचून ते हसले. "अर्जातल्या चिजा तुमच्या रजिस्टरच्याच क्रमानं होत्या, भाऊ. तो क्रम दुसऱ्या कोणाले पाठ हाय?"

"मंग तुमी बोलले काऊन नाई?"

"मले तपासलं, त्यात काय बिघडलं? चिठ्ठी त मीच लावत होतो."

सरांनी शंभरी ओलांडावी, त्यांची नजर आणि हात असेच शाबूत राहोत. संपादकांना एकच विनंती, यातला शब्दही गाळू नये. तो अर्ज निनावी होता. या लेखाखाली माझे नाव असू द्यावे.