फ्रिजच्या दारातली ट्यूब

दुपारी कोबी चिरताना विळीवर अंगठा कापला. रक्त नळाखाली धुतलं आणि फ्रिजच्या दारातली मलमाची ट्यूब काढली. खालून गुंडाळत गुंडाळत ती आता दोन पेरांएवढी उरली आहे. मुलाचे खरचटलेले गुडघे, दाढी करताना कापलेली ह्यांची हनुवटी, सासूबाईंच्या टाचांच्या भेगा, सगळं हिनेच निस्तरलं. म्हणजे हिने आणि मी. आमच्या घरात मलम कुणी आपलं आपण लावत नाही. ट्यूब माझ्या हातात देतात, दुखरी जागा पुढे करतात आणि तोंड दुसरीकडे वळवतात.

आज नेमका उजवा अंगठा कापला होता आणि डाव्या हाताने टोपण फिरेना. एवढ्याशा टोपणापाशी मला एकदम फार थकवा आला. ओट्याशी नुसतीच उभी राहिले.

"कापलं का गं?" सासूबाई सोलायच्या शेंगा बाजूला ठेवून उठल्या. "आण इकडे."

मी ट्यूब दिली, हात पुढे केला आणि सगळ्यांसारखंच तोंड वळवलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. गार मलम लागलं तेव्हा कळलं, त्या शेजारच्या बोटाला लावत होत्या, ज्याला काहीच झालं नव्हतं. हलकेच चोळून त्यांनी वर फुंकर घातली.

"झोंबतंय का?"

"थोडंसं," मी म्हणाले आणि कापलेला अंगठा मुठीत मिटून घेतला.