मुरत घातलेला केक

माझे सासरे बेकरीवाले. गल्लीत सगळे त्यांना नाकवाले म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना ते आवडायचं. पाव भट्टीतून कधी काढायचा हे ते घड्याळावर नव्हे, वासावर ठरवत. रम आणि व्हिनेगरच्या बाटल्या एकाच फळीवर, सारख्याच गडद, चिठ्ठी एकीलाही नाही. लग्न होऊन आले तेव्हा चिठ्ठ्या लावू का, असं मी विचारलं होतं. तुझ्या माहेरी माणसांना नाकं नसतात का, म्हणाले.

नातीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, लग्नाचा केक त्यांनी कितीतरी महिने आधीच भाजला. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, सगळं रममध्ये भिजवलेलं. केक कागदात गुंडाळून डब्यात ठेवायचा, दर आठवड्याला काढून सुईने टोचायचा, चमच्याने रम पाजायची, पुन्हा झाकण. लग्नाआधी त्याला सुरी लागणार नव्हती. आत काय चाललंय ते फक्त नाकाला कळायचं. हा केक झाला की दुकान मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हवाली, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

मध्येच त्यांना दणकून सर्दी-ताप झाला. ताप उतरला, पण मग पाव करपायला लागले. गिऱ्हाइकं कुरकुरली. भट्टीचा दोष, म्हणाले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

एका दुपारी मी खाली बेकरीत गेले तर डबा उघडा, ते केकला पाजत होते. दारातच माझ्या नाकाला झिणझिण्या आल्या. चमच्यात व्हिनेगर होतं.

"ये, बघ," ते म्हणाले, "रम कशी दरवळतेय."

माझ्या अंगावर काटा आला. केक गेला म्हणून नव्हे. भट्टी गॅसची होती, आणि सकाळी ती ते एकटेच पेटवत.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो हसला. बाबांचं नाक चुकेल होय, तुझंच तपासून घे, म्हणाला. उद्यापासून भट्टी तू पेटव, असं मी बजावलं. बरं म्हणाला. पण पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी मला जाग आली ती वासाने. नवरा घोरत होता. मी अनवाणीच जिना उतरले. थंडीमुळे खालच्या खिडक्या बंद होत्या. दार ढकललं आणि मला ठसका लागला. सासरे भट्टीसमोर स्टुलावर बसलेले, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. मी धावत जाऊन मनगट धरलं.

"अगं सोड, उशीर होतोय."

"बाबा, वास येत नाही तुम्हाला?"

"कसला?"

मी गॅसची चावी बंद केली, खिडक्या उघडल्या. माझे हात कुठे कुठे जातायत ते सासरे बघत राहिले. मग काडी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"मला वाटलं, हाताच्या सवयीवर निभावेल," ते म्हणाले. त्यांनी डब्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे केकसुद्धा?"