मैदानाकडे पाठ केलेली खुर्ची

अण्णांशी माझं शेवटचं बोलणं झालं ते गाण्याबद्दल. अण्णा म्हणजे माझे सासरे. एप्रिलमध्ये छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं आणि संध्याकाळी मी डब्यातून मऊ भात घेऊन गेले होते. दोन-चार घास खाऊन झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "यंदा गाणं कधी सुरू व्हायचंय?" मी म्हटलं, मे लागला की, दरवर्षीसारखंच. "मग गच्चीवरची ती तुळशीची कुंडी जरा सरकवून ठेव. खुर्चीला अडते." एवढं बोलून त्यांनी डबा माझ्याकडे दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माठ भरत होते, तेव्हा सुधीरचा, माझ्या नवऱ्याचा, हॉस्पिटलमधून फोन आला. अण्णा गेले... फोन ठेवून मी पुन्हा नळापाशी गेले तर माठ भरून वाहत होता, आणि तो बाजूला घ्यायचं मला बराच वेळ सुचलं नाही.

आमचं घर दुर्गापुऱ्यात. सुधीरच्या बँकेतल्या बदलीमुळे जयपूरला आलो आणि परत जाऊ, परत जाऊ म्हणत इथेच घर घेऊन बसलो. घराच्या मागे शाळा आहे. शाळेला सुट्टी लागली की एक संगीत मंडळ तिच्या मैदानावर मांडव घालतं आणि मे-जूनमध्ये दर शनिवारी, ऊन उतरलं की, शास्त्रीय गाण्याची मैफल असते. लोक तिकीट काढून खुर्च्यांवर बसतात, आम्ही आमच्या गच्चीवर. तिथून गवयाचा एक कान आणि तबलजींची सगळी पाठ दिसते, पण एका लाउडस्पीकरचं तोंड नेमकं आमच्याकडे असतं. त्यामुळे पुढच्या रांगेपेक्षा आम्हालाच चांगलं ऐकू येतं, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असते. दुपार कलली की गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं, ते बघता बघता वाळलं की पुन्हा मारायचं, मग सतरंज्या, माठ, कैरीचं पन्हं. इथली बाकीची मराठी कुटुंबं मे महिन्यात गावाला पळतात. आम्ही जयपूरच्या उन्हाळ्यात होरपळत बसतो ते या गाण्यासाठी. खरं सांगायचं तर माझ्यासाठी. लग्नाआधी मी सांगलीला एका बाईंकडे गाणं शिकत होते. ते सुटलं, आणि ऐकण्याचं वेड तेवढं राहिलं.

सासूबाई गेल्या आणि अण्णा इचलकरंजीहून आमच्याकडे आले. सगळा जन्म सूतगिरणीत सुपरवायझर म्हणून गेलेला माणूस. गाण्याचा आणि त्यांचा काडीचा संबंध नव्हता. सासूबाईंचं भजनी मंडळ घरी जमलं की हे मागच्या दाराने बाहेर पडायचे, हे मला सुधीरनेच सांगितलं होतं. त्या पहिल्या उन्हाळ्यात मी शनिवारी गच्चीवर गेले नाही. वयस्कर सासरे खाली एकटे बसलेत आणि सून वर गाणं ऐकतेय, हे मलाच बरं दिसेना. कोणी काही म्हटलं नव्हतं, मीच आपली शहाणी. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून पोळ्या लाटायचे आणि तान चांगली आली की लाटणं थांबायचं. अण्णा पेपर वाचत बाहेर बसलेले असायचे. असे एक-दोन शनिवार गेले असतील. पुढच्या शनिवारी ते आपली वेताची खुर्ची स्वतः उचलून जिन्याने वर निघाले. मी धावत मागे गेले, तर म्हणाले, "मलाही ऐकायचंय. पोळ्या आधी करून ठेवत जा की. आणि तू समोर बस, मला यातलं काय कळत नाही."

तेव्हापासून हे आमचं ठरून गेलं. मी सतरंजीवर, कठड्याला टेकून, आणि अण्णांची खुर्ची माझ्यासमोर, मैदानाकडे पाठ करून. सुधीरने एकदोनदा ती फिरवून दिली, पण अण्णांनी पुन्हा तशीच करून घेतली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्टेजवरचे दिवे डोळ्यांत येतात, म्हणाले. आम्हाला ते पटलं. गाणं सुरू झालं की मी बोटांवर मात्रा मोजत ताल धरते, बाईंकडची सवय, आणि आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर, समेला, आलं की मांडीवर थाप देते. विलंबितात सम यायला किती वेळ लागतो, ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. भलेभले मान डोलवायला चुकतात. अण्णा चुकत नसत. अगदी समेवर त्यांची मान हलायची आणि "वा!" यायची. मी थक्क व्हायचे. गिरणीतल्या माणसाच्या आत एवढा रसिक दडला होता आणि तो मी बाहेर काढला, असं मी माहेरी फोनवर सांगायचे. सांगताना माझा आवाज किती चढत असेल, ते आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

त्यांना कमी ऐकू येतं, हे आम्हाला ठाऊक होतं. जन्मभर यंत्रांच्या धडधडाटात उभं राहिल्यावर येणारच. फोन आला की ते रिसीव्हर माझ्याकडे द्यायचे, टीव्हीपुढे फारसे बसायचे नाहीत, आणि आम्ही जरा मोठ्याने बोलायचो. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, मशीन घेऊ, असं सुधीर अधूनमधून म्हणायचा. त्यावर मीच म्हणायचे, अरे, त्यांना विलंबितातली सम कळते, तुला तरी कळते का? अण्णा माझ्याकडे बघून हसायचे.

एकदा ऐन बंदिशीत लाइट गेली. मैदानावर अंधार, माइक बंद, गवई थांबलेले. आमच्या गच्चीवर मात्र इन्व्हर्टरचा दिवा चालू होता. मी तंद्रीत मनातल्या मनात ते आवर्तन पुरं करत होते, हात चालूच. मांडीवर थाप पडली आणि त्या शांततेत अण्णा म्हणाले, "वा, क्या बात है." आम्ही सगळे खो खो हसलो. शेजारचे माथुरजीही त्या दिवशी आमच्याकडे होते. अण्णाही हसले. तो किस्सा मी पुढे कितीजणांना सांगितला असेल... आमच्या अण्णांना लाइट गेलेलं गाणंसुद्धा आवडतं, म्हणून.

हसले नव्हते ते फक्त माथुरजी, हे मला आत्ता आठवतं.

मे लागला आणि पहिल्या शनिवारच्या मैफलीसाठी मांडव पडायला लागला, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की यंदा गच्ची नाही. फाटकापाशी भाजी घेत होते, तर माथुरजी थांबले. म्हणाले, यंदा छत झाडलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, अण्णांशिवाय कसं बसायचं, सगळी हौस त्यांचीच होती. माथुरजी जरा घुटमळले. अण्णा आणि ते रोज सकाळी बरोबर फिरायला जात. एकदा पाठीमागून स्कूटर हॉर्न देत आली, अण्णा हललेच नाहीत, माथुरजींनी दंडाला धरून बाजूला ओढलं. तेव्हा अण्णांनी त्यांना सांगितलं होतं आणि कुणाला न बोलण्याचं वचन घेतलं होतं.

"बाऊजी को गाना सुनाई कहाँ देता था, भाभीजी," माथुरजी म्हणाले. "कहते थे, बहू का हाथ देखता रहता हूँ, बस."

मी विचारलं, मग आम्हाला का नाही सांगितलं?

"मैंने भी यही कहा था. बोले, बता दूँगा तो वो नीचे जाकर बैठ जाएगी."

भाजी तशीच हातात धरून मी घरात आले. जिन्यावर बसले आणि रडले. मग मला रागही आला, अण्णांचा. इतके उन्हाळे तो माणूस तापलेल्या गच्चीवर, आंधीची धूळ खात, एकही सूर ऐकू येत नसताना माझ्या हाताकडे बघत बसला, आणि मला वाटायचं की मी त्यांची हौस पुरवतेय. सुधीर समजूत घालतो. म्हणतो, त्यांना आवडत असेल तसं बसायला, कंटाळले असते तर उठले असते. असेलही. पण ते मला विचारता येत नाही, आणि जे ऐकून मी सुखावत होते, त्यातलं त्यांच्या वाट्याला काय येत होतं हे आता कळायचा मार्गच नाही.

त्या शनिवारी सुधीरने मला न विचारता गच्चीवर पाणी मारलं. वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून मी वर गेले. तुळशीची कुंडी अजून तिथेच होती, खुर्चीला अडत. ती सरकवली. खाली तानपुरे लागले होते. मी सतरंजी न घालताच कठड्याला टेकून बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले, ताल धरायचा नाही म्हणून. एक तरुण बाई गात होत्या. आलाप सरला, विलंबित सुरू झालं आणि माझं बोट कधी सुटलं मला कळलं नाही. सम आली. थाप पडली. समोरून वा आली नाही.

आणि गाणं फार सुंदर झालं. मला ते मनापासून आवडलं. अण्णांना जाऊन महिना उलटला नव्हता, सगळं कळून चार दिवस झाले नव्हते, आणि मी पूर्वीइतकीच रंगले. हे लिहितानाही जड जातंय.

आता जून निम्मा सरलाय आणि मी एकही शनिवार चुकवलेला नाही. गच्ची झाडताना वेताची खुर्ची उचलते आणि झाडून झालं की पुन्हा तशीच ठेवते, मैदानाकडे पाठ करून. परवा सुधीर म्हणाला, तू हल्ली ताल धरताना हात फार उंच उचलतेस. खुर्चीवरून नीट दिसायला हवा.