कापून ठेवलेलं शेवटचं पान

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आता आहे का, ते विचारू नका... त्यावर वाद घालायचाही कंटाळा आलाय. इथले अनुभव बरेच दिवस वाचतोय, म्हणून माझाही लिहून टाकतो.

पुलगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पुस्तकांचं दुकान होतं. पुढे दुकान आणि वाचनालय, मागे राहायच्या दोन खोल्या. लोक रहस्यकथा नेत आणि महिना महिना परत आणत नसत. म्हणून बाबांनी युक्ती काढली होती — प्रत्येक रहस्यकथेचं शेवटचं पान ब्लेडनं कापून नंबर टाकलेल्या पाकिटात ठेवायचं. पुस्तक परत करा, बाकड्यावर बसून पान वाचा आणि घरी जा. लोक शिव्या घालायचे, पण चौथ्या दिवशी पुस्तक दुकानात.

गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. बाबांना लकवा होऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतीलही कदाचित. मी नागपूरची नोकरी सोडून परत आलो. ती नोकरी मी त्यांच्याशी भांडून धरली होती, आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंदच होतं. आता मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा 'दिलीप' म्हणावं. रोज अंग पुसताना विचारायचो, "बाबा, मले ओळखलं का?" ते छताकडे बघत राहायचे. माणूस थकतो हो.

इंदूकाकू आमच्या सगळ्यात जुन्या वाचक. त्यांना पोटाचा कॅन्सर झाला होता, अंथरुणातून उठणं बंद. त्यांनी मागवलेलं शेवटचं पुस्तक जाडजूड, कव्हर फाटलेलं. त्यातही एक पुस्तकांचं दुकान, तिघे भाऊ, आणि मधला भाऊ एके सकाळी गायब होतो. वाचून झाल्यावर त्यांनी सुनेच्या हाती पुस्तक पाठवलं आणि पान मागितलं. मी पाकीट उघडलं तर रिकामं... सगळं दुकान उपसलं, पान नाही. शेवटी काकूंना घरी जाऊन सांगितलं.

"काऊन रे, मी काय अशीच जाऊ?" त्या म्हणाल्या. "भाऊले विचार ना बावा." भाऊ म्हणजे आमचे बाबा. त्यांना काय विचारणार?

एप्रिलमधल्या एका दुपारी त्यांची सून दुकानात आली. "पान शोधू नका आता. काका येऊन सांगून गेले म्हणते सासूबाई."

"कोणते काका?"

"तुमचे बाबा. मी सैपाकघरात होती, मले बी माणसाचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तं कोणी नाई. खुर्ची तेवढी खाटेजवळ ओढली होती."

बाबा सकाळपासून मागच्या खोलीत, उघड्या दारातून माझ्या डोळ्यांसमोर पडून होते. मी दुकान बायकोवर सोपवून काकूंकडे गेलो. काकू खुशीत होत्या.

"मधला मेलाच नव्हता रे. माळ्यावर राहत होता, लपून. भाऊनं सारं सांगितलं, खोकत खोकत. चांगले बोलून राह्यले होते."

मला भीती नाही वाटली. राग आला, खरंच सांगतो. मी विचारलं, "माझं काही बोलले का?"

काकूंनी आठवून पाहिलं. "नाई बावा. पुस्तकाचंच बोलले."

त्या आठवड्यात काकू गेल्या. पुढे महिन्याभरानं एका रेल्वेवाल्यानं दुसरंच पुस्तक परत आणलं. त्याच्या पाकिटात दोन पानं निघाली, एक त्याचं आणि एक काकूंच्या पुस्तकाचं; बाकीची पाकिटं उघडून बघायचं मला सुचलंच नव्हतं. बाबांनीच कधीतरी चुकीच्या पाकिटात घातलं होतं. मधला भाऊ जिवंत, माळ्यावर... काकूंनी सांगितलं तसंच सगळं. मी ते पान बाबांना वाचून दाखवलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही गेलते का तिथं?" त्यांनी डोळे मिटून घेतले.

लोक म्हणतात, काकूंनी ते पुस्तक दुसरीकडे कुठे वाचलं असेल. असेल. सुनेला भास झाला असेल, तेही असेल. मला उत्तर सापडलं नाही आणि आता शोधायची ताकद नाही. बाबा त्याच दिवाळीत गेले, एक शब्द न बोलता. ते तीन गल्ल्या ओलांडून काकूंपर्यंत गेले, इथवर मी मानायला तयार आहे. पण दोन वर्षं त्यांच्या उशाशी तर मीच बसलो होतो.