केशव बंद होता

मंडळी, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या पिपरी मेघे गावात कोणाच्या अंगात येऊन कोणी घुमायला लागलं, की मी सरळ उठून घरी जायचो. आजही जातो. त्यामुळे खालचं वाचून "याचं डोकं फिरलं" म्हणालात तरी राग येणार नाही... आधी मीच स्वतःला म्हणून घेतलंय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वर्ध्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. दोनच मशीन, मध्ये एक जाडजूड केबल. एक माझ्याकडे रक्तपेढीत, दुसरं जुन्या इमारतीत, दुसऱ्या ऑपरेटर कमलताईंकडे. रक्तदात्यांची सगळी माहिती त्यांच्या मशीनवर. मी मागायची, तिकडून उत्तर यायचं. नागपूरच्या इंजिनिअरने प्रत्येक मशीनला नंबर दिला होता, आणि नंबर कोणाच्या लक्षात राहतो, म्हणून नावही. माणूस रोज संध्या करणारा – म्हणून तिकडचं मशीन 'केशव', माझं 'माधव'. माहिती देणाऱ्या सर्व्हिसचं नाव 'रक्तदाता'. कोणत्या नावाचा कोणता नंबर, हे एका फाईलमध्ये. कमलताईंकडच्या फाईलची नक्कल रोज दुपारी आपोआप माझ्याकडे उतरायची. माझा प्रोग्राम 'केशव'ला हाक मारायचा, फाईलमधून नंबर काढायचा आणि पोचायचा. फाईलमध्ये नावच नसलं तर संपलं. पत्त्याशिवाय टपाल कुठे जाणार?

त्या दुपारी माझी बायको शालिनी तिथेच बाळंतपणासाठी आत होती. पहिलंच. रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, "बी निगेटिव्ह हवंय, लगेच. आपल्याकडे एकही बाटली नाही." माझं जुळत नव्हतं, तिच्या भावाचंही नाही.

मी धावत टेबलाशी आलो, बी निगेटिव्ह मागितलं. स्क्रीनवर – अननोन होस्ट. म्हणजे, या नावाचं मशीनच माहीत नाही.

पुन्हा मागितलं. अननोन होस्ट. अहो, सकाळपर्यंत नीट चालत होतं! फाईल उघडली तर 'केशव' गायब, आणि त्याच्या नंबरासमोर 'मामाजी'. कोण मामाजी? फाईल मला वाचता येत होती, बदलता येत नव्हती. बदलायचा पासवर्ड कमलताईंकडे, आणि त्या अर्धी रजा टाकून हिंगणीच्या बसमध्ये. माझा प्रोग्राम केशवशिवाय कोणाला हाक मारायला तयार नाही. नागपूरचा ट्रंक कॉल लागेना.

"नामदेवभाऊ, कमलताईंच्या खोलीचं कुलूप तोडा!" मी चौकीदाराला ओरडलो. तिथल्या मशीनवर यादी थेट बघता आली असती.

"मोठ्या साहेबाइले इचारल्याबिगर कसं तोडू जी?"

"माही बायको मरून राह्यली अन् तुम्ही मले साहेब सांगता?"

तो सब्बल घेऊन पळाला. मी मशीनसमोर एकटा. लाज सोडून सांगतो, मी रडत होतो आणि तीच कमांड मारत होतो. देवापुढे कधी हात न जोडलेला मी त्या काचेला म्हणालो, "केशवा, बाबा, उत्तर दे रे. माझ्या शालिनीला वाचव. एवढंच."

एंटर दाबलं... आणि उत्तर आलं. एक नाव, सिंदी मेघेतलं घर, बी निगेटिव्ह. मी मेव्हण्याला मोटारसायकलवर पिटाळलं. तो फाटकाबाहेर पडतोय तोच नामदेवभाऊ धापा टाकत आला.

"साहेब, कुलूप तोडलं. पण मशीन तं बंद हाय. वायर काढून गुंडाळून ठेवली हाय बाईनं. वरून कपडा झाकला हाय."

"बंद?"

"हात लावून पाह्यलं नं. थंडगार हाय."

मी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. नाव तिथेच होतं.

तो माणूस आला. मेथीच्या जुड्या बांधता बांधता उठलेला, हाताला माती तशीच. चहासुद्धा नको म्हणाला. त्याचं रक्त चढलं आणि शालिनी वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी कमलताई माझ्यासमोर रडत उभ्या राहिल्या. "भाऊ, केशव म्हंजे माह्या सासऱ्याचं नाव. रोज फोनवर तुम्ही इचारता, केशव चालू हाय का, केशव काऊन झोपला... मी सासऱ्याचं नाव कसं घेऊ? म्हनून मामाजी करून टाकलं, घरी त्याइले तसंच म्हनतो. मले काय मालूम, असं होईन म्हनून!" घरी जाताना मशीनची वायर काढून ठेवायची त्यांची नेहमीचीच सवय; त्या गडबडीत मला ती आठवलीच नव्हती. मला त्यांच्यावर चिडताही आलं नाही.

आता तुमच्या मनात येईल, सासरे नेमके त्याच वेळी वारले असतील. नाही हो. ते ठणठणीत होते, हिंगणीच्या मळ्यात वांगी तोडत होते.

इंजिनिअर आला. म्हणाला, जुनं काहीतरी मेमरीत राहिलं असेल. मी म्हटलं, त्या माणसाचं नाव माझ्या मशीनवर कधी आलंच नव्हतं, तर राहील कुठून? त्याने दोन्ही मशीन उघडून पाहिली, केबल तपासली, चहा प्यायला आणि गेला.

शालिनीला मी हे सांगितलं ते बऱ्याच महिन्यांनी. वाटलं, घाबरेल, नाहीतर वेड्यात काढेल. तिने सगळं ऐकून घेतलं. केशव, मामाजी, गुंडाळलेली वायर, मी काय बोललो ते, सगळं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो बंद असून तुमचं आयकून राह्यलता. मंग पोरीसाठी काऊन नाई मागितलं तुम्ही?"

मशीनचं कोडं कोणाला सुटलं तर जरूर कळवा. शालिनीचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहू द्या.