कोपऱ्यावरचा ओटा

कुंभकोणमला पेरुमाळचा रथ निघतो तेव्हा दोर ओढणारे हजारो असतात, पण रथ वळवणारे चारच. चाकाखाली उटी, म्हणजे लाकडी पाचर, सरकवायची आणि चाक चढायच्या आत मागं उडी मारायची. डाव्या चाकाला उटी लागली की रथ डावीकडे वळतो, उजव्याला लागली की उजवीकडे. सडैयनच्या घराण्याचं हेच काम. वर्षभर तो कावेरीकाठच्या पानमळ्यात राबायचा, वेलींना पाणी घालायचा. रथाच्या दिवशी मात्र देवळाचे कारभारीही त्याला अदबीनं हाक मारायचे.

त्याचा धाकटा भाऊ कलियन डाव्या पुढच्या चाकाशी असायचा. दक्षिण रस्ता संपून रथ उजवीकडे पश्चिम रस्त्याला वळतो, त्या कोपऱ्यावर रत्नसभापतींचं घर होतं. पितळी भांड्यांचे मोठे व्यापारी. त्यांनी एका वर्षी घरापुढचा ओटा वाढवला, रस्त्यात दगडी खांब रोवले, वर छप्पर घातलं. "अय्या, इथं आम्हाला मागं सरायला जागा राहत नाही," असं सडैयननं सांगितलं होतं. "तुम्ही आत सरा. देव काय माझ्या ओट्यावर येऊन बसणार आहे?" असं म्हणून ते हसले होते.

त्याच उत्सवात वळलेला रथ सरळ करायला कलियननं डाव्या चाकाखाली उटी टाकली, मागं उडी मारली आणि त्याची पाठ खांबावर आपटली. चाक थांबलं नाही.

पोलीस आले तेव्हा रत्नसभापतींनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "प्यायलेला होता बिचारा. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, झोकांड्या खात होता." मोठ्या माणसाचा शब्द. मग भटजींनी रथ धुऊन शुद्ध केला. कलियनची बायको अंजलै नळावर गेली की बायका कुजबुजायच्या, आणि एकीनं तर तोंडावर विचारलं, "काय गं, देवाच्या रथाला दारू पाजून गेला ना तुझा नवरा?"

कलियननं जन्मात ताडीला ओठ लावला नव्हता. वास आला तरी त्याला ओकारी यायची.

सडैयननं काम सोडलं नाही. लोकांना वाटलं, देवभोळा आहे. त्यानं भावाचं चाक मागून घेतलं, एवढंच. दरवर्षी त्या कोपऱ्यावर रत्नसभापती पाहुण्यांसकट ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचे, लोकांना ताक वाटायचे. सडैयनपुढे पेला आला की तो जमिनीवर थुंकायचा आणि उटी उचलायचा. चारही चाकांचा हुकूम तेव्हा त्याच्या काकाच्या हातात होता, आणि काका भित्रा. काका वारला त्या वर्षी हुकूम सडैयनकडे आला. तो अंजलैला म्हणाला, "उद्या कोपऱ्यावर येऊन उभी राहा."

"मला तो रथ बघायचा नाही, अण्णा."

"रथ नको बघूस. घर बघ."

दुसऱ्या दिवशी रथ कोपऱ्यावर आला. ऊन तापलं होतं. उजव्या चाकाला उटी पडायची वेळ झाली, सडैयननं हात वर केला नाही. दोरवाल्यांना निशाण दाखवणारा ओरडला, "अरे सड्या, वळव! झोपलास काय?" रथ सरळ पुढे जात राहिला. ओट्यावरचे पाहुणे खुर्च्या टाकून आत पळाले. रथाचं पुढचं तुळईचं तोंड छपराला घासलं, तेव्हा सडैयननं शीळ घातली आणि चारही चाकांखाली उट्या बसल्या. दोर सैल पडले.

रथ कधी मागं जात नाही. पुढे ओटा.

कारभारी धावत आले. "हे काय केलंस?"

"मी काही केलं नाही. देवाला यांच्या ओट्यावर बसायचंय," सडैयन म्हणाला.

सगळ्या रस्त्याची नजर त्या घराकडे वळली. तासभर देव उन्हात उभा. म्हाताऱ्या बायका रत्नसभापतींच्या दाराकडे बघून बोटं मोडू लागल्या. शेवटी ते बाहेर आले, घामानं डबडबलेले. "पाडा रे ओटा. पाडा आणि एकदाचा न्या तो रथ."

सडैयन उटीवर बसूनच राहिला. "ओटा नंतर पडेल. आधी माझा भाऊ प्यायलेला होता का, ते सांगा."

"ती जुनी गोष्ट..."

"देव समोर आहे, अय्या. सांगा."

रत्नसभापतींच्या ओठांतून काहीतरी पुटपुटल्यासारखं निघालं.

"मोठ्यानं. ढोलवाल्यांना ऐकू आलं नाही."

"नव्हता!" ते किंचाळले. "प्यायलेला नव्हता! मी खोटं बोललो!"

मग लोकांनीच पहारी आणल्या. खांब एकेक करून आडवे झाले. पहिला खांब पडला तो सडैयनच्या घावानं. धुरळा खाली बसल्यावर त्यानं उजव्या चाकाला उटी लावायला हात वर केला आणि रथ वळला.

संध्याकाळी तो अंजलैच्या दारात गेला. ती चुलीपुढे होती. "ऐकलंस ना?" त्यानं विचारलं.

"ऐकलं." तिनं लाकूड आत सारलं. "पण बोलायच्या आधी त्याला छपराच्या सावलीत उभं राहू दिलंत. त्यालाही उन्हात उभा करायचा होता. चक्कर येऊन पडेपर्यंत."

सडैयनला हसू आलं. कलियन गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुढच्या वर्षी देवळानं हुकूम दुसऱ्याला दिला. सडैयननं वाद घातला नाही. रथाच्या दिवशी तो आंघोळ करून कोपऱ्यावर जायचा आणि रत्नसभापतींच्या बंद दारासमोर उभा राहायचा. दोराला हात लावायचा नाही, देवाला हातही जोडायचा नाही. रथ वळून दिसेनासा झाला तरी तिथंच. कुणी विचारलं, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?" तर त्या दाराकडे बोट दाखवून म्हणायचा, "नाही. अजून जिवंत आहे तो."