टाकीचं भोक
आज रंगाऱ्यानं भिंतीतली भोकं बुजवायला लांबी कालवली आणि त्या वासानं माझं डोकंच फिरलं. गारखेड्यात राहत असताना मी एक जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिच्यात पलंग आणि शेगडी बसवली होती; निवृत्त वडिलांना घेऊन गावोगाव मुक्काम करायचा बेत होता. पण गाडी थोडं अंतर गेली की गचके देऊन बंद पडायची. मिस्त्री आला की आधी टाकीचं झाकण उघडून डिझेल बघायचा, मग किल्ली फिरवायचा, आणि ती हलकट लगेच सुरू व्हायची. “भाई, गाडी तो मक्खन है,” म्हणत त्यानं फिल्टर बदलला, पंपही बदलला. शेवटी वेरूळच्या वाटेवर, ऐन घाटात, भर उन्हात ती पुन्हा मेली. आज हिला भंगारात घालतो, असं ओरडत मी झाकण फिरवलं, तर फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली. किल्ली मारली, गाडी चालू! झाकण उलटं करून बघितलं, तर हवा जायचं बारीक भोक लांबीनं गच्च बुजवलेलं. हवाच आत शिरली नाही तर डिझेल पुढं सरकणार कसं! मी गाडीत मागं आडव्या झालेल्या वडिलांकडं बघितलं. घरात उरलेली लांबी ते कधी वाया जाऊ द्यायचे नाहीत. दिसेल ते भोक बुजवायचे. “म्याच बुजवलं,” पलंगावरून न उठता ते म्हणाले, “पावसाचं पाणी गेलं असतं टाकीत. गेला का एक थेंब तरी?” आता वडील नाहीत, गाडीही नाही, तरी त्या प्रश्नाचा मला आज तेवढाच संताप आला, कारण एक थेंबही गेला नव्हता.